जहाज आधी पडद्यावर आपटा

नमस्कार, नाशिककर श्रोते हो. जहाज बंदरात न्यायच्या आधी ते संगणकाच्या पडद्यावर का चालवून बघायचं, ते आज सांगतो.

७ जुलै २०१९, रविवार, व्हेनिस. ‘कोस्टा डेलिझिओसा’ हे २९४ मीटर लांबीचं क्रूझ जहाज बंदराबाहेर निघालेलं. सोबत टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या दणकट बोटी, होत्या. तेवढ्यात वादळ सुटलं आणि हे धूड आडवं धक्क्याकडे सरकायला लागलं. टग जीव खाऊन जहाज ओढतायत, भोंगा वाजतोय, आणि धक्क्याला एक यॉट बांधलेली! तिच्या अगदी जवळून जहाज कसंबसं निसटलं. महिनाभर आधीच, २ जूनला, ‘एमएससी ऑपेरा’ तिथे धक्क्यावर आणि एका प्रवासी बोटीवर आदळलं होतं. त्या वेळी यंत्रणा बिघडली होती, या वेळी वारा नडला. अखेर १ ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसच्या सान मार्को या प्रसिद्ध चौकासमोरून मोठ्या क्रूझना बंदीच आली.

वारा एवढा का नडतो? क्रूझ जहाज पाण्याखाली आठेक मीटर, आणि वर इमारतच. बाजू दहा हजार चौरस मीटर धरा. ताशी ३६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात तिच्यावर साधारण ६० टन जोर येतो, ताशी ५४ ला १४० टन. पुन्हा सांगतो: वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. बागेवर प्लास्टिक ताणणाऱ्या निफाडकरांना हे काय सांगायचं! 

म्हणून सिम्युलेटर, म्हणजे जहाज चालवण्याची संगणकावरची नक्कल. आधी खोली, प्रवाह, वारा आणि जहाजाचं गणित भरून संगणकावर झटपट शेकडो फेऱ्या. त्यातल्या वाईट निवडायच्या आणि नकली ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या नकलेत, खऱ्या बंदर पायलटच्या, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्याच्या, हाती द्यायच्या. मध्येच बो थ्रस्टर, म्हणजे जहाजाचं तोंड बाजूला ढकलणारा पंखा, बंद पाडायचा, टगचा दोर तोडायचा. बघायचा तो जहाजाने व्यापलेला पट्टा. २९४ मीटर लांब, ३२ मीटर रुंद जहाज वाऱ्यामुळे दहा अंश तिरकं चाललं, तर ८३ मीटर रुंद पाणी खातं. हो, ३२ चे ८३! आणि वेग कमी केला की तिरकेपणा वाढतो.

घोळ होतो तो वाऱ्यातच. पडद्यावर वारा एकसारखा ठेवला आणि टग क्षणात ओढू लागले, की सगळ्या फेऱ्या पास. खरा वारा झोतांनी येतो. इमारतींच्या आडोशातून जहाज बाहेर पडतं तेव्हा आधी तोंड दाबलं जातं, शेपूट नंतर, म्हणून ते गर्रकन फिरतं. टगला बाजू बदलायला वेळ लागतो. हे सगळं भरूनच ‘एवढ्या वाऱ्यात प्रवेश नाही’ ही मर्यादा ठरवावी. आणि त्या मर्यादेच्या थोडं वर जाऊन, जहाज नेमकं कुठे आपटतं तेही बघावं.