कुणाचा पठ्ठा?

श्रोतेहो, नमस्कार. आणि माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना सलाम.

आपल्या कोल्हापुरात एखादं नवं पोरगं लाल मातीत चांगली कुस्ती मारून गेलं, की कडेला बसलेली जुनी माणसं आधी एकच विचारतात, "कुणाचा पठ्ठा?" पोराचं नाव, गाव, वजन सगळं नंतर. वस्ताद कोण ते कळलं की त्याचा डाव कुठून आला ते कळतं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागेचं मैदान 1912 साली सुरू झालं. तेव्हापासून तिथं बसून कुस्ती बघणाऱ्यांच्या किती पिढ्या झाल्या! बघणाऱ्यालाही डाव कळतात. "पट काढ", "ढाक लाव" असं तो वरून ओरडत असतो, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असतं. तरी त्याला कुणी पठ्ठा म्हणत नाही. पठ्ठा म्हणजे जो पहाटे उठून हौदा खणतो, वस्ताद सांगेल तेवढे जोर काढतो, आणि वस्ताद म्हणाला "यंदा लढायचं नाही", तर वर तोंड करून का म्हणून विचारत नाही.

प्रभू येशूच्या भोवतीही अशीच गर्दी असायची. लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात लोकांचे थवेच्या थवे त्याच्याबरोबर चाललेत. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. येशू मात्र मागं वळतो आणि म्हणतो, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा. पाया घालून पैसे संपले तर लोक हसतील. माझा शिष्य व्हायचं तर जे काही तुमचं आहे त्यावरचा हक्क सोडावा लागेल. योहानाच्या 6व्या अध्यायात तर बरेच शिष्यच "हे बोलणं कठीण आहे" म्हणून परत फिरतात. येशू त्यांच्या मागं धावत नाही. उरलेल्या बाराजणांना विचारतो, तुम्हालाही जायचंय का?

मूळ ग्रीक भाषेत शिष्याला जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ शिकणारा. नव्या करारात हा शब्द अडीचशेहून जास्त वेळा येतो. आणि 'ख्रिस्ती' हा शब्द? फक्त तीनदा. प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय की शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं. म्हणजे माणसं आधी शिष्य होती, नाव मागून आलं. आपल्याकडं, मी माझ्यासकट बोलतोय, नाव आधी येतं. बाप्तिस्म्याच्या वहीत माझं नाव लागलं तेव्हा मी चार महिन्यांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर आलं, लग्नाच्या वहीत आलं, उद्या दफनभूमीतल्या दगडावरही येईल. या सगळ्यात शिकणारा कुठं आहे, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

1852 साली रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. त्यांच्यानंतर आलेल्यांनी शाळा काढल्या, दवाखाने उभे केले. शेजारी मिरजेत डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 साली रुग्णालय उभं केलं, तिथं कितीतरी वर्षं आपल्या जिल्ह्यातली माणसं गेली. आम्ही त्या झाडाची फळं खाल्लेली माणसं आहोत, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण त्या सावलीत एक सवयही लागली. मिशन करेल, मिशन देईल, पाळकसाहेब बघतील. विश्वास म्हणजे कुणीतरी चालवलेली संस्था, आणि आपण तिचे सभासद.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका माणसाच्या मनाला फार लागली होती. कवी नारायण वामन टिळक. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढं बरीच वर्षं मिशनचं काम केलं. आणि 1917 साली, उतारवयाकडं झुकलेलं असताना, मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला येऊन राहिले. तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. अट एकच, ख्रिस्ताच्या मागं चालायचं. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेला हा माणूस. गुरू, शिष्य, दास हे शब्द आपल्या मातीत किती खोल गेलेत ते त्यांना ठाऊक होतं. पाटीपेक्षा पाऊल बघा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं असं मला वाटतं. 1919 च्या मे महिन्यात ते वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली.

मला स्वतःला शिष्य म्हणजे काय हे देवळात कळलं नाही. गुऱ्हाळात कळलं.

करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. वडिलांचं, आमच्या अप्पांचं, छोटं गुऱ्हाळ होतं. ज्यांनी गुऱ्हाळ जवळून बघितलंय त्यांना सांगायला नको. चुलवणात चिपाडाचा जाळ, वर काहील, काहिलीत उसाचा रस. रस तापला की मळी वर येते, भेंडीच्या पाण्यानं ती धरायची, झाऱ्यानं काढायची. मग रस आटत आटत फुगायला लागतो, आणि शेवटची पाच-दहा मिनिटं गुळव्याची. आमचे गुळवे आण्णा, गळ्यात तुळशीची माळ, काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकायचे, बोटांत गोळी करायचे आणि काहिलीच्या काठावर मारायचे. टक् असा आवाज आला की, "उचला!"

आता एक गोष्ट बाजाराची. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी आधी रंग बघतो. पिवळाधमक गूळ असेल तर दर वर. रंग यावा म्हणून काहिलीत हैड्रोस पावडर टाकतात. जास्त पडली तर ती खाणाऱ्याच्या पोटाला बरी नाही, हे टाकणाऱ्यालाही माहीत असतं. कधी साखर स्वस्त असली की पोतंभर साखरही आत जाते. आमचे वडील दोन्हीपैकी काहीच टाकत नव्हते. गूळ उतरायचा तांबूस, कधी काळपट.

मी अकरावीत होतो त्या वर्षी दर पार पडले होते. घरात पैसा नव्हता, थोरल्या बहिणीचं लग्न ठरलेलं. एका संध्याकाळी आण्णा हळू आवाजात म्हणाले, "मालक, एवढ्या आधणात मूठभर टाकू काय? ह्यो माल मुंबईला जाणार, तिथं कोन बघतंय?"

वडील मळी काढत होते. त्यांनी झारा थांबवला नाही. म्हणाले, "आण्णा, ह्या काहिलीचा मालक मी न्हाई."

आण्णा जरा वेळ जाळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमचं तुकोबा बी असंच कायतरी बोलत्यात," आणि गोळी बघायला लागले.

मला इथं पुढं सांगायला आवडलं असतं, की लोक वडिलांचा गूळ शोधत यायला लागले, देवानं भरभरून दिलं. तसं काही झालं नाही. त्या वर्षी आमचा गूळ सौद्यात सगळ्यांत खाली गेला. अडत्या तोंडावर म्हणाला, "असला माल आणत जाऊ नका." आई दोन दिवस वडिलांशी बोलली नाही. बहिणीचं लग्न कर्ज काढून झालं, आणि ते कर्ज फिटायला पाच वर्षं लागली. पुढं सहा-सात वर्षं, गुऱ्हाळ बंद होईपर्यंत, वडील कमी दरानंच गूळ विकत राहिले. दर आठवड्याला सौद्याला जायचे. दर आठवड्याला तेच ऐकून यायचे.

वधस्तंभ उचलून माझ्यामागं या, हे वाक्य मत्तयात आहे, मार्कातही आहे. पण लूक एकटा त्यात एक शब्द जास्त लिहितो. दररोज. आपण हल्ली सांधेदुखीलाही "हा माझा क्रूस" म्हणतो, वाईट शेजाऱ्यालाही म्हणतो. रोमी राज्यात खांद्यावर लाकूड घेऊन निघालेला माणूस बघितला की लोकांना कळायचं, हा आता परत येत नाही, ह्याचा आपल्या जिवावर हक्क राहिलेला नाही. येशू तसं चालायला सांगतो, आणि तेही रोज. तो शब्द वाचला की मला सौद्याला निघालेले वडील दिसतात.

श्रोतेहो, इथवर मी वडिलांचं सांगितलं, ते सोपं होतं. आता माझं सांगतो.

वडील गेल्यावर गुऱ्हाळाची जागा आम्हा दोघा भावांच्या नावावर आली. सहा गुंठे. तोवर शेजारून मोठा रस्ता झालेला. ज्या जागेला कुणी विचारत नव्हतं, तिथं प्लॉटचे दर निघायला लागले. वाटणीवरून शब्द वाढला, मग मोजणी आली, मग वकील, मग कोर्टात दावा. अकरा वर्षं मी आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांशी बोललो नाही. एकाच देवळात, एकाच उपासनेला. तो डावीकडच्या बाकावर, मी उजवीकडच्या. या अकरा वर्षांत मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं, व्यासपीठावरून शास्त्रपाठ वाचले, प्रभुभोजनाला पुढं गेलो. माझा दशांश कधी चुकला नाही. मंडळीत कुणीही मला चांगला ख्रिस्तीच म्हटलं असतं.

मागच्या पावसाळ्यात मी मुलांसाठी योहानाच्या 21व्या अध्यायाचा पाठ तयार करत होतो. पुनरुत्थानानंतरची पहाट आहे. तळ्याच्या काठाला विस्तव पेटलाय, त्यावर मासे आहेत. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि मग म्हणतो, माझ्यामागं ये. हेच बोलावणं पेत्राला याच तळ्यावर सुरुवातीला आलं होतं, जाळी हातात असताना. आता सगळं हरल्यावर पुन्हा तेच. म्हणजे शिष्याची शाळा नापास झाल्यावरही बंद होत नाही. हे मी मुलांना मोठ्या उत्साहानं सांगणार होतो. पण पुढच्या ओळीत पेत्र मागं वळून दुसऱ्या शिष्याकडं बघतो आणि विचारतो, प्रभू, ह्याचं काय? येशू म्हणतो, त्याचं तुला काय? तू माझ्यामागं ये.

मी वही मिटली. अकरा वर्षं मी देवापुढं हेच विचारत होतो. ह्याचं काय? चूक त्याची, खोटी सही त्याच्या माणसांची, आधी त्यानं यावं. आणि उत्तर पुस्तकात दोन हजार वर्षांपासून लिहून ठेवलेलं होतं. मी ते मुलांना कितीतरी वेळा शिकवलंही होतं.

मत्तयाच्या 5व्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीजवळ दान आणल्यावर तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. हे तो गालीलातल्या लोकांना सांगत होता. वेदी होती यरुशलेमात, पायी तीनेक दिवसांच्या वाटेवर. म्हणजे दान तिथं सोडायचं, तीन दिवस चालत घरी यायचं, भावाला भेटायचं आणि पुन्हा तीन दिवस चालत जायचं. माझ्या भावाचं घर माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे.

प्रभुभोजनाचा रविवार होता. भाकर फिरायच्या आधी मी उठलो आणि बाहेर पडलो. लोकांना वाटलं, बरं वाटत नसेल. भाऊ त्या दिवशी उपासनेला आला नव्हता. पाऊस होता. त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा बेल दाबायला हात होईना. दार वहिनींनी उघडलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बाजूला होऊन त्यांनी वाट दिली. भाऊ आत पेपर वाचत बसला होता. मी म्हटलं, "मी चुकलो. दाव्यात जे व्हायचं ते होऊ दे, पण अकरा वर्षं मी तुझ्याकडं बघितलं नाही, त्याची माफी मागायला आलोय."

त्यानं पेपर खाली ठेवला नाही. वहिनींनी चहा आणला, मी प्यालो. दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. मी उठलो तेव्हा तो पेपरातूनच म्हणाला, "अप्पांची काहील अजून तिथंच पडलीय. गंजलीय ती. पाणी साठतंय, पोरांना डेंगू व्हायचा."

"आपण उचलू या," मी म्हटलं.

"दोघांच्यानं नाही उचलायची ती. चारजण लागतील."

दावा अजून चालू आहे. येत्या शनिवारी माझी दोन मुलं, त्याचा एक, आणि आम्ही दोघं, असे पाचजण सकाळी आठ वाजता काहील हलवायला जाणार आहोत.

नमस्कार.