बॅटरी उलटी लागली, आता गाडी कुठून तपासायची?

नमस्कार श्रोतेहो.

मार्च सरत आला की सोलापुरात पारा चाळिशी गाठतो आणि गाड्यांच्या बॅटऱ्या मान टाकायला लागतात. मग दुकानातून नवी बॅटरी आणून घरच्या घरीच बसवली जाते. जुन्या गाडीत प्लसवरचं लाल टोपण केव्हाच गायब झालेलं असतं, दोन्ही वायरी ग्रीस आणि धुळीनं सारख्याच काळ्या पडलेल्या. त्यात टर्मिनलची अदलाबदल होते, मोठी ठिणगी उडते आणि गाडी गप्प होते. आतला दिवा लागत नाही, सेल्फ फिरत नाही.

माणसाच्या पोटात गोळा येतो. ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळाला, मोठा खर्च आला, असंच वाटतं. पण गाडी पूर्ण गप्प झाली असेल तर बहुतेक वेळा मेन फ्यूज उडालेला असतो, आणि तो उडाला म्हणजे त्यानं आपलं काम केलं.

हे कसं होतं ते सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरमध्ये, ज्याला गॅरेजवाले अजूनही डायनॅमो म्हणतात, किमान सहा डायोड असतात. डायोड वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. बॅटरी सुलटी असताना तिची वीज आल्टरनेटरमध्ये परत शिरू नये, याची काळजी हेच डायोड घेतात. बॅटरी उलटी झाली की तीच वाट मोकळी होते आणि शेकडो अँपिअरचा प्रवाह थेट डायोडमधून धावतो. मधला मेन फ्यूज, म्हणजे बोनेटखालच्या बॉक्समध्ये नटांनी आवळलेली किंवा काही गाड्यांत टर्मिनलवरच बसवलेली पट्टी, वेळेवर वितळली तर डायोड वाचतात. उशीर झाला तर डायोड जातात, आणि गेलेला डायोड पुष्कळदा शॉर्ट होतो.

म्हणून वायरी सुलट करून लगेच सेल्फ मारू नका. आधी मायनस काढून ठेवा. मीटरवर, म्हणजे मल्टिमीटरवर, बॅटरी बघा; चांगली, चार्ज असलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. ती फुगली असेल किंवा तिला वास येत असेल तर वापरू नका. मग मेन फ्यूज आणि बाकीचे फ्यूज मीटरनं तपासा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. लाल 10 अँपिअरचा, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. जेवढ्याचा काढला तेवढ्याचाच घाला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची सवय आपल्याकडे आहे, ती इथे वायरिंगला आग लावू शकते.

आता या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी युक्ती. इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब घ्या. प्लस जोडा, पण मायनसची वायर थेट न लावता बॅटरी आणि वायर यांच्यामध्ये हा बल्ब ठेवा. चावी बंद, दारं बंद. बल्ब पेटला नाही किंवा मंद राहिला तर ठीक. भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे पावणेदोन अँपिअरच्या वर काही जात नाही, म्हणजे आणखी काही जळत नाही. मायनस सोडवून आल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक कापडात गुंडाळा आणि पुन्हा बघा. बल्ब मंदावला तर दोष डायोडमध्ये. नाही मंदावला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्यावर मंदावेल त्या लाइनीवर शोध घ्या. तिथे अनेकदा म्युझिक सिस्टीम सापडते. तिच्या आत संरक्षणासाठी बसवलेला छोटा डायोड शॉर्ट झालेला असतो, आणि एवढी स्वस्त वस्तू बदलून काम होतं.

ईसीएमकडे सर्वांत शेवटी वळा. त्याचा फ्यूज आणि मेन रिले, म्हणजे त्याला वीज जोडून देणारा स्विच, आधी बघा. स्कॅनर, म्हणजे गाडीतले दोष वाचणारं यंत्र, लावल्यावर ईसीएमनं उत्तर दिलं तर तो जिवंत आहे. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना मात्र मीटरची टोकं अजिबात लावू नका. ते काम जाणकाराकडेच द्या.

गाडी सुरू झाली की टर्मिनलवर 13.8 ते 14.5 च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत हा आकडा खालीवर होतो. पण 12.5 वर राहून उतरत चालला तर चार्जिंग होत नाही.

बॅटरी घेताना एक बघा. बॅटरीवर छापलेल्या नंबरांपैकी 38B20L आणि 38B20R यांत टर्मिनलच्या बाजू उलट असतात. वायर ओढूनताणून पुरवावी लागत असेल तर थांबा, बॅटरीच चुकीची आली आहे. प्लसचा खांब मायनसपेक्षा थोडा जाड असतो, हेही बोटांना कळतं.

मोहोळ-टेंभुर्णीच्या रस्त्यावर गाडी बंद पडली आणि ट्रकवाला मदतीला आला, तर त्याच्या मनाचा आदर करा, पण ट्रकची वीज 24 व्होल्टची असते. आपल्या गाडीला तिचे चिमटे लावून घेऊ नका.

आणि गॅरेजमध्ये गेलात तर बॅटरी उलटी लागली होती, हे संकोच न करता पहिल्याच वाक्यात सांगा. वायरमन थेट फ्यूज आणि डायोडकडे जाईल. नाहीतर तो बिचारा अर्धा दिवस सेल्फ खोलत बसेल.