राम जोशी की 'जोशी, राम'? स्वल्पविरामाआधी थांबा

नमस्कार मंडळी! सोलापुरातल्या कॉलेज लायब्ररीवाल्यांचा पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न आज घेऊ. कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये लेखकाचं नाव कसं भरायचं?

मार्क २१ (पुस्तकाची नोंद भरायचा ठरलेला साचा), त्यात टॅग १०० म्हणजे लेखकाचा रकाना, आणि नाव भरायचं सबफील्ड ए मध्ये. एवढं येतंच सगळ्यांना. घोळ होतो टॅगशेजारच्या पहिल्या चौकोनात. तिथे १ म्हणजे आडनावाखाली नोंद: 'साठे, अण्णाभाऊ'. ० म्हणजे नाव न उलटता: 'ज्ञानेश्वर', 'कुसुमाग्रज'.

आता आपले शाहीर राम जोशी. जोशी दिसलं की बोट स्वल्पविरामाकडे जातंच. थांबा! एएसीआर-२ मध्ये, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी कशा करायच्या ते सांगणाऱ्या १९७८ च्या परदेशी नियमावलीत, २२.२५ हा नियम खास भारतीय नावांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीची व्यक्ती असेल, तर नोंद तिच्या नावाच्या पहिल्या शब्दाखाली. राम जोशी पेशवाईतले. म्हणून 'राम जोशी', चौकोनात ०, स्वल्पविराम नाही.

'परदेशी नियम आपल्याला कशाला?' अशी कमेंट हमखास येते. अहो, मार्क अमेरिकेचा, कोहा न्यूझीलंडचं, नावसुद्धा माओरी, अर्थ 'भेट'. ते चालतं, आणि आपल्याच नावांसाठी लिहिलेला नियम तेवढा परका?

त्याच नियमात उपाध्या गाळायला सांगितलंय. तरी लोक 'संत तुकाराम' भरतात. मग अख्खी संतमंडळी 'स'खाली दाटीवाटीने बसते आणि 'त'खाली शोधणारा रिकाम्या हाताने जातो. स्वल्पविरामाचंही तेच. एका कॉलेजात 'जोशी, राम', दुसऱ्यात 'राम जोशी'. नोंदी एकत्र केल्या की एका शाहिराचे दोन होतात.

जाता जाता, आपल्याकडच्या तेलुगू पुस्तकांचं. तिथे घराण्याचं नाव बहुधा आधी येतं. शेवटचा शब्द आडनाव समजून उलटलंत तर फसलात.

'पण वाचक जोशीच शोधणार ना?' शोधू दे की! ऑथॉरिटी नोंदीत, म्हणजे लेखकाच्या नावाची ठरलेली आणि पर्यायी रूपं ठेवणाऱ्या वेगळ्या नोंदीत, १०० ला ठरलेलं 'राम जोशी', ४०० ला पर्यायी 'जोशी, राम', तिथे पहिल्या चौकोनात १. मग पुस्तकाच्या नोंदीत नाव हाताने टाइप करू नका, ऑथॉरिटीतून निवडा. नुसतं टाइप केलंत तर सबफील्ड ९, म्हणजे ऑथॉरिटी नोंदीचा क्रमांक, रिकामं राहतं, दुवा जुळत नाही, ४०० वाया. शेवटी सिस्टिम प्रेफरन्समध्ये 'इन्क्लूडसीफ्रॉमइनसर्चेस' (४०० मधली पर्यायी नावंही शोधात धरायची सोय) चालू करा आणि इंडेक्स पुन्हा बांधा. हे राहिलं की 'जोशी, राम' असं सलग, त्याच क्रमाने शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही आणि शिव्या कोहाला बसतात.