हीला नदीचं पाणी आणि रक्तातली साखर

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण ॲरिझोनातल्या चँडलरला राहतात. तिथली घरं, दुकानं दक्षिणेकडे एकदम थांबतात आणि सपाट रान सुरू होतं. तीच हीला रिव्हर इंडियन कम्युनिटीची, म्हणजे अमेरिकेच्या मूलनिवासी लोकांच्या वस्तीची हद्द. टूसॉनला जाताना आय-टेन हायवे त्यांच्याच जमिनीतून जातो. तिथले अकिमेल ओओडम लोक वैद्यकाच्या पुस्तकांत ‘पिमा’ या नावानं पोचले आहेत, आणि मधुमेहाचा अभ्यास केलेल्या कुठल्याही डॉक्टरला ते नाव माहीत असतं.

त्यांचं आपल्यावर ऋणही आहे. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. त्यात 200 किंवा त्याहून जास्त आलं की मधुमेह, असं आज जगभर धरतात. ती रेषा ठरवताना या लोकांच्या तपासण्यांचा मोठा आधार होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं 1965 पासून काही दशकं त्यांचा अभ्यास केला. 1971 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पस्तिशीच्या पुढच्या जवळजवळ निम्म्या लोकांना मधुमेह आहे. जगात इतकं प्रमाण तोवर कुठं नोंदलं गेलं नव्हतं.

आता थोडं मागं जाऊ. मानववंशशास्त्रज्ञ अलेश हर्डलिच्का यांनी 1908 च्या अहवालात याच लोकांमध्ये मधुमेहाचा एकच रुग्ण नोंदवला. पुढं बॉस्टनचे प्रसिद्ध मधुमेहतज्ज्ञ एलियट जॉस्लिन यांना 21 सापडले, म्हणजे साधारण बाकीच्या अमेरिकेइतकेच. एवढ्या थोड्या काळात माणसाची जनुकं बदलत नसतात. मग बदललं काय?

बदललं पाणी. या लोकांचे पूर्वज वाळवंटात शेकडो मैलांचे कालवे खणून शेती करत होते. फिनिक्सचे आजचे काही कालवे त्याच जुन्या चरांवरून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पिमा शेतकरी इतका गहू पिकवत, की येणाऱ्या-जाणाऱ्या काफिल्यांना आणि अमेरिकी सैन्याला तो विकत. पुढं वरच्या अंगाला वसाहतवाले आले, त्यांनी नदी आपल्या शेतांकडे वळवली आणि शतक संपेपर्यंत खालची शेतं सुकली. दुष्काळ आला, उपासमार झाली. ज्यांनी इतरांना धान्य विकलं, ते सरकारी रेशनच्या रांगेत उभे राहिले. मैदा, साखर, डुकराची चरबी, डबाबंद मांस. त्या रेशनमधून जे होण्यासारखं होतं ते झालं: मैद्याचा गोळा थापून चरबीत तळलेली जाड पोळी, तिला फ्राय ब्रेड म्हणतात. जत्रेत लोक तो पारंपरिक पदार्थ म्हणून हौसेनं खातात. माझ्या मते तो उपासमारीत तग धरण्याचा पदार्थ आहे, आणि तो तयार करणाऱ्या बायांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे सगळं बाजूला ठेवून बरीच वर्षं एकच प्रश्न विचारला गेला: यांच्या जनुकात काय आहे? जेम्स नील यांनी 1962 साली ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली. दुष्काळात चरबी साठवून ठेवणारं जनुक सुबत्तेत घातक ठरतं, अशी ती कल्पना. आनुवंशिकतेचा भाग आहेच, तो मी नाकारत नाही. पण मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात, सिएरा माद्रेच्या डोंगरात मायकोबा नावाचं गाव आहे. तिथंही पिमा राहतात, वंश जवळचाच. ते डोंगरउतारावर शेती करतात आणि दिवसभर अंगमेहनत करतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तिथं मधुमेह 6.9 टक्के, तर ॲरिझोनातल्या पिमांमध्ये 38 टक्के. वजनातही असाच मोठा फरक. ज्याला जनुकाबद्दल बोलायचं असेल त्यानं हे दोन आकडे शेजारी ठेवावेत आणि मग बोलावं.

आता उपायाकडे. वाळवंटात टेपरी नावाचा घेवडा पिकतो. आपल्या मटकीसारखा कोरडवाहू गडी, एकदोन पावसांवर तग धरणारा. दाणा लहान, पांढरा किंवा तपकिरी, रात्रभर भिजवून तासन्‌तास शिजवला तरी फुटत नाही, चव थोडी मातकट-गोडसर. त्यातला स्टार्च सावकाश पचतो, म्हणून रक्तातली साखर एकदम चढत नाही. मेस्किट नावाच्या वाळवंटी झाडाच्या शेंगा कुटून पीठ करतात, त्यातल्या डिंकासारख्या तंतूंचाही तोच गुण. 2004 च्या कायद्यानं या लोकांना वर्षाला 6,53,500 एकर-फूट पाण्याचा हक्क मिळाला (एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील तेवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट). हीलाच्या काठी टेपरी पुन्हा पिकते आणि विकलीही जाते. माझ्या दृष्टीनं तो कायदा हा आरोग्याचाच कायदा आहे.

अर्थात घेवडा खाल्ला की मधुमेह गेला, असं कुणी समजू नका. 2002 साली जाहीर झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत मूलनिवासी लोकही होते. वजन 7 टक्के कमी आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम, एवढं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत 31 टक्क्यांनी. पण दीडशे मिनिटं चालायचं कुठं? ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात बाहेर चालायला सकाळी फार थोडा वेळ मिळतो. दुकान मैलोगणिक लांब असेल तर ताजी भाजी आणायची कशी?

म्हणून 1997 साली अमेरिकी काँग्रेसनं मूलनिवासी समाजांसाठी जो खास मधुमेह कार्यक्रम सुरू केला, तो मला फार मोलाचा वाटतो. पैसे जमातींच्या हाती, योजना त्यांच्या पद्धतीनं. रुग्णांची नोंदवही, लघवीत प्रथिनं जातात का याची वेळेवर तपासणी, रक्तदाबाची योग्य गोळी, घरोघर जाणारी आरोग्यसेविका. यात नवं असं काही नाही, फक्त ते नेमानं केलं. 1996 ते 2013 या काळात मूलनिवासी प्रौढांमध्ये मधुमेहामुळं मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण 54 टक्क्यांनी कमी झालं. डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून तीनदा बसणारा माणूस ज्यानं पाहिला आहे, त्याला या आकड्याचं मोल सांगावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र मागं पडू देऊ नका: गरोदरपण. पिमा मातांच्या अभ्यासातून दिसलं, की गरोदरपणी आईला मधुमेह असेल तर मुलाला लठ्ठपणा आणि मधुमेह लवकर गाठतो. आपल्याकडं पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं, की तिथली बाळं वजनानं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच लहान, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त. दोन्हीकडे साखरेची गोष्ट पोटातच सुरू होते. आईची तपासणी वेळेवर झाली, तर पुढच्या पिढीचं ओझं हलकं होतं.

तुमच्यात डॉक्टर आहेत, संशोधक आहेत, त्यांना एक सांगतो. ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हावासुपाई लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं आणि ते त्यांना न विचारता भलत्याच संशोधनाला वापरलं गेलं. 2010 साली तडजोड होऊन नमुने परत मिळाले. त्यांच्या दारात जाल तेव्हा लोक हात आखडता घेतात त्यामागं हे आहे. आधी त्यांच्या कौन्सिलला विचारा, निष्कर्ष आधी त्यांना दाखवा.

आणि काँग्रेसचा तो मधुमेह कार्यक्रम? त्याची वार्षिक रक्कम 2004 पासून जवळपास वीस वर्षं 15 कोटी डॉलरवरच राहिली, आणि त्याला दर वेळी थोड्या मुदतीची वाढ मिळत आली आहे. मुदत संपत आली की गावातल्या आहारतज्ज्ञाला, आरोग्यसेविकेला पुढच्या वर्षी नोकरी असेल का हे ठाऊक नसतं. तुमच्यापैकी जे इथले नागरिक आहेत आणि मत देतात, त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करून या कार्यक्रमाला कायमची तरतूद मागावी. शेजारी म्हणून एवढं आपल्याला करता येईल.