बिल मे : नियम बदलेपर्यंत पोहत राहिलेला माणूस

न्यूयॉर्क राज्यातलं सिराक्यूज. धाकट्या बहिणीचा सिंक्रोनाइज्ड स्विमिंगचा, म्हणजे म्युझिकच्या तालावर एकसारख्या हालचाली करत पोहण्याचा क्लास, आणि तो सुटेपर्यंत काठावर नुसतं बसून राहायचं. दहा वर्षांच्या बिलला ते काही जमेना, म्हणून तोही पाण्यात उतरला. त्याला कोणी अडवलं नाही. अडवणारे पुढे भेटले.

हा खेळ लांबून फार नाजूक दिसतो, चेहऱ्यावर हसू, जिलेटिनने चापून बसवलेले केस, म्युझिक. पण कॅमेरा जरा पाण्याखाली न्या आणि बघा. दोन्ही पाय सतत उलटसुलट दिशेने गोल फिरत असतात, रवीने ताक घुसळावं तसे, कारण तळाला पाय टेकवायचाच नाही हा नियम आहे, नाकाला क्लिप, श्वास कोंडलेला, डोकं खाली पाय वर, आणि तशातच पाण्यातल्या स्पीकरवर ताल ऐकून पार्टनरशी एक एक हालचाल जुळवायची. याला ताकद लागत नाही असं कुणी म्हणालं तर मला मनापासून राग येतो.

सोळाव्या वर्षी बिल घर सोडून पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाला गेला, सँटा क्लारा अ‍ॅक्वामेड्स या क्लबसाठी. अ‍ॅक्वामेड्स म्हणजे जलकन्या, क्लबचं नावच तसं! १९९८ च्या गुडविल गेम्स या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत क्रिस्टिना लमसोबत त्याने ड्युएटचं, म्हणजे जोडीचं, सिल्वर मिळवलं. मग आलं २००० चं सिडनी ऑलिंपिक. क्रिस्टिना अमेरिकेच्या टीममधून गेली आणि बिल घरी राहिला, कारण ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९८४ पासून फक्त बायकांचा. २००४ ला अथेन्सचं दारही बंदच होतं. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा, म्हणजे ऐन उमेदीतला. त्याने स्पर्धा सोडली आणि लास वेगासला सर्क द्यु सोलेल या सर्कस कंपनीच्या पाण्यातल्या शोमध्ये कामाला लागला. पोहणं मात्र सुटलं नाही.

दहा वर्षं अशीच गेली. नोव्हेंबर २०१४ ला या खेळाच्या जागतिक संघटनेने मिक्स्ड ड्युएटला, म्हणजे एक पुरुष आणि एक बाई अशा जोडीला मान्यता दिली आणि छत्तिसाव्या वर्षी बिल परत स्पर्धेत. २०१५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, कझान, म्हणजे रशियाचं स्वतःचं घर, आणि या खेळात रशिया तेव्हा सगळ्यात बलाढ्य. तिथे टेक्निकल प्रकारात, म्हणजे काही हालचाली आधीच ठरवून दिलेल्या असतात त्यात, क्रिस्टिना जोन्ससोबत त्याने रशियाच्या जोडीला अगदी थोडक्यात मागे टाकलं. गोल्ड! फ्रीमध्ये, म्हणजे मनाप्रमाणे हालचाली बसवायच्या त्या प्रकारात, जुन्या पार्टनरसोबत, क्रिस्टिना लमसोबत, सिल्वर. सतरा वर्षांपूर्वीची तीच जोडी, मला तर हे सिल्वर त्या गोल्डपेक्षाही जास्त आवडतं.

मग डिसेंबर २०२२. पॅरिस ऑलिंपिकमध्ये टीममध्ये दोन पुरुष चालतील असा निर्णय झाला. बिल त्रेचाळीस वर्षांचा, आणि हा माणूस निम्म्या वयाच्या मुलींबरोबर परत ट्रेनिंगला उभा राहिला, २०२३ ला फुकुओकाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये टीमसोबत अ‍ॅक्रोबॅटिक प्रकारात सिल्वरही घेतलं.

जून २०२४ ला अमेरिकेची ऑलिंपिक टीम जाहीर झाली. त्यात बिलचं नाव नव्हतं. दुसऱ्या कुठल्या देशानेही पुरुष पाठवला नाही. ऑगस्टमध्ये पॅरिसला अमेरिकेने टीमचं सिल्वर जिंकलं, अथेन्सनंतरचं या खेळातलं त्यांचं पहिलंच ऑलिंपिक मेडल, आणि पोडियमवरच्या त्या मुलींमधल्या कितीतरी जणी वर्षभर बिलच्या शेजारी पाण्यात होत्या.