रॉयल कुटुंबाची हवेली आणि तिच्या मागचं ते घर

समोर दिसतेय ती तीन मजली हवेली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला आहे. लांबून बघितलं तर भिंती दगडी वाटतात पण जवळ जा, लाकूड आहे ते, दगडाच्या चिऱ्यांसारखं कापून बसवलेलं. म्हणजे श्रीमंती होतीच, तरी दाखवायची हौस त्याहून मोठी.

आता कॅमेरा जरा बाजूला. हवेलीच्या अगदी जवळ हे दुसरं घर दिसतंय ना, साधं, विटांचं आणि लाकडाचं? इथं गुलाम राहायचे. हो, अमेरिकेच्या उत्तरेतच. गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दक्षिणेतली कापसाची शेतं येतात, बोस्टनच्या शेजारचं गाव कुणाच्या मनातही येत नाही.

ही जमीन मुळात मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याची, 1631 मध्ये त्याला 600 एकर मिळाली होती, टेन हिल्स फार्म म्हणायचे तिला. पुढे हात बदलत बदलत 1732 ला त्यातली सुमारे 500 एकर आयझॅक रॉयलने घेतली. पैसा कुठून आला तर कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरच्या उसाच्या मळ्यांतून, साखर, रम आणि माणसांच्या व्यापारातून. 1736 ला तिथं गुलामांच्या बंडाचा कट उघडकीला आला, 88 जणांना ठार मारलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी रॉयल बायकामुलं आणि किमान 27 गुलाम घेऊन इथं राहायला आला. दोन वर्षांत तो वारला. मृत्युपत्रात त्याने जमिनीबरोबर माणसंही वाटून दिलीत, ही या मुलाला, ती त्या मुलीला.

मुलगा, धाकटा आयझॅक, त्याचं 1741 चं फॅमिली पोर्ट्रेट आहे, रॉबर्ट फीकने काढलेलं. टेबलावर गालिचा, बायकांचे रेशमी कपडे, सगळं टापटीप. हे सगळं ज्यांच्या जिवावर चालायचं त्यांच्यातलं एकही माणूस त्या चित्रात नाही. 1775 पर्यंत इथं एकूण साठहून जास्त गुलाम राहून गेले.

मग अमेरिकन क्रांती, म्हणजे इंग्लंडच्या राजाविरुद्धचं बंड. धाकटे साहेब ना धड राजाचे ना धड बंडवाल्यांचे, लेक्सिंग्टनची, म्हणजे त्या युद्धातली पहिली, लढाई व्हायच्या तीन दिवस आधीच मेडफर्ड सोडून निघाले ते परत आलेच नाहीत. घरात बंडवाल्यांच्या जनरल जॉन स्टार्कने मुक्काम ठोकला, 1778 ला इस्टेट सरकारच्या ताब्यात गेली आणि 1781 ला रॉयल इंग्लंडमध्ये वारला.

आता बेलिंडा. आफ्रिकेत व्होल्टा नदीजवळून लहानपणी पळवून आणलेली, पन्नासेक वर्षं रॉयलांकडे राबलेली. फेब्रुवारी 1783 मध्ये, सत्तरीच्या आसपास असताना, तिने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला, स्वतःसाठी आणि आजारी मुलीसाठी. भीक नाही मागितली हं तिने, म्हणणं सरळ होतं की या इस्टेटीतला काही भाग माझ्या कष्टाचा आहे, तो द्या. आणि मंजूर झालं! रॉयलच्या इस्टेटीतून वर्षाला 15 पौंड 12 शिलिंग. पण थोड्याच काळात पैसे यायचे थांबले आणि म्हातारीला परत अर्ज, परत अर्ज, असं पार 1793 पर्यंत.

त्याच इस्टेटीचा आणखी एक वाटा मात्र व्यवस्थित पोचला. धाकट्या रॉयलने मृत्युपत्रात काही जमीन हार्वर्डच्या नावे केली होती, त्यातून 1815 ला कायद्याच्या प्राध्यापकाचं पद निघालं आणि 1817 ला लॉ स्कूल सुरू झालं. रॉयलांच्या कुलचिन्हातल्या गव्हाच्या तीन पेंढ्या त्या लॉ स्कूलच्या ढालीवर होत्या, 2016 ला विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर काढल्या.

हवेली आता म्युझियम आहे. नावात पूर्वी फक्त रॉयल हाउस होतं. आता पाटीवर गुलामांच्या घराचंही नाव आहे.