नॅनोट्यूब नेमकी घालायची कुठे?

नमस्कार श्रोतेहो. सोलर पॅनल म्हटलं की डोळ्यापुढे येतं ते काचेखालचं जड, काळपट निळं सिलिकॉनचं पॅनल, पण आज बोलायचंय ऑरगॅनिक सोलर सेलबद्दल, आणि त्यात कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म पोकळ नळी, नेमकी कुठे घालावी याबद्दल. यात सिलिकॉन नसतं, कार्बनवर आधारलेलं पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, असतं, ते द्रावणात विरघळवून प्लास्टिकच्या फिल्मवर चक्क छापता येतं, वाकवता येतं, आणि उजेड पकडणारा थर असतो साधारण १०० नॅनोमीटर जाड, म्हणजे केसाच्या जाडीचा जवळपास हजारावा भाग! इतक्या कमी मालात वीज निघते याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं.

आता अडतं कुठे ते सांगतो. सिलिकॉनवर उजेड पडला की इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघाल्यावर उरलेली धन चार्जची रिकामी जागा, जवळपास लगेच मोकळे होतात. पॉलिमरमध्ये मात्र ते दोघं एकमेकांना धरून बसतात, त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात, आणि ही जोडी साधारण १० नॅनोमीटर सरकली की विझते. तेवढ्यात तिला इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ, ज्याला ॲक्सेप्टर म्हणतात, तो भेटला तरच ती तुटते आणि वीज मिळते. १९८६ मध्ये कोडॅकच्या चिंग टँग यांनी असे दोन पदार्थांचे दोन थर एकावर एक ठेवून सेल केला, एफिशियन्सी, म्हणजे पडलेल्या उजेडातल्या ऊर्जेचा वीज होणारा वाटा, १ टक्क्याच्या आसपास, आणि त्या काळात ती मोठी मजल होती. १९९५ च्या सुमारास दोन्ही पदार्थ एकत्र मिसळायची युक्ती आली, मग जोडीला ॲक्सेप्टर कुठेही जवळच सापडायला लागला, पण सुटे झालेले चार्ज थराच्या वर-खाली असलेल्या, वीज बाहेर नेणाऱ्या इलेक्ट्रोडपर्यंत जायचे कसे हा नवा प्रश्न आला, कारण वाट वेडीवाकडी, मध्येच इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा भेटतात आणि सगळी मेहनत पाण्यात.

हा प्रश्न नॅनोट्यूब सोडवेल अशी आशा होती, आणि आशा रास्तच होती. १९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधाने कार्बन नॅनोट्यूबकडे जगाचं लक्ष गेलं, आणि १९९३ मध्ये एकाच भिंतीची ट्यूब हाती आली, जाडी साधारण १ नॅनोमीटर, लांबी त्याच्या हजारपट किंवा जास्तच, आणि तिच्यातून चार्ज असा पळतो की पॉलिमर त्याच्या जवळपासही येत नाही. २००२ मध्ये केंब्रिजमध्ये किमाकिस आणि अमरतुंगा यांनी पॉलिमरमध्ये १ टक्क्याहून कमी ट्यूब मिसळल्या तर करंट शंभरेक पटीने वाढला. ऐकायला भारी वाटतं ना, पण मुळातला करंटच इतका किरकोळ होता की एकूण एफिशियन्सी १ टक्क्याच्या बरीच खालीच राहिली.

असं का झालं यात मला सगळ्यात जास्त रस आहे. ट्यूब तयार होतात तेव्हा त्यातल्या साधारण एक तृतीयांश धातूसारख्या वागतात आणि बाकीच्या सेमीकंडक्टर असतात, सगळ्या सरमिसळ. धातूसारखी ट्यूब म्हणजे या थरात घातच, इलेक्ट्रॉन आणि होल तिच्यावर येऊन भेटतात आणि संपतात. त्यात ट्यूबना एकमेकींना चिकटायची फार खोड, मोळ्या होतात, त्या सोडवायला अल्ट्रासाउंडने हलवावं तर ट्यूबच तुटतात. आणि लांबी! थर १०० नॅनोमीटरचा आणि ट्यूब हजार नॅनोमीटरची, म्हणजे पातळ सतरंजीत लांब सळई उभी खुपसायला जावं तसं, एकतर ती आडवी पडते नाहीतर दोन्हीकडून बाहेर येते, आडवी पडली तर चार्जला वर-खाली जायला फारसा उपयोग नाही आणि बाहेर आली तर दोन इलेक्ट्रोड जोडले जाऊन सेल शॉर्ट.

यावर कामही कसून झालं. २००६ मध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या हर्सम यांच्या गटाने ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये प्रचंड वेगाने फिरवून घनतेप्रमाणे निवडून वेगळ्या करायची पद्धत दाखवली. पुढे २०१४ मध्ये त्याच गटाने वेगवेगळ्या व्यासांच्या सेमीकंडक्टर ट्यूब आणि ॲक्सेप्टर म्हणून फुलरीन, म्हणजे कार्बनचा चेंडूसारखा पोकळ रेणू, घेऊन ३ टक्क्यांच्या थोडा वर प्रमाणित सेल केला, कारण एकाच प्रकारची ट्यूब उजेडातले ठरावीकच रंग शोषते, अनेक प्रकार घेतले की इन्फ्रारेडपर्यंत पट्टा रुंद होतो. सुंदर काम आहे हे. पण २०१९ मध्ये वाय६ नावाचा नवा ॲक्सेप्टर रेणू आला आणि त्याच्या जोरावर ऑरगॅनिक सेल १५ टक्क्यांच्या पुढे गेले, थरात एकही नॅनोट्यूब न घालता.

म्हणून माझं मत असं, की प्रकाश पकडणाऱ्या थरात ट्यूब कोंबण्यापेक्षा तिला बाहेर, इलेक्ट्रोडवर आणावी. या सेलला एक बाजू पारदर्शक लागते, तिथे सहसा इंडियम टिन ऑक्साइड वापरतात, ते ठिसूळ असतं, फिल्म पुन्हा पुन्हा वाकवली की तडे जातात, शिवाय इंडियम हे मुख्यतः जस्त काढताना मिळणारं उपउत्पादन, मनात आलं म्हणून वाढवता येत नाही. नॅनोट्यूबची जाळी मात्र वाकते, आणि इथे आडवं पडणं हाच तिचा गुण ठरतो, कारण इलेक्ट्रोडमध्ये करंट आडवाच न्यायचा असतो! धातूसारखी ट्यूबही इथे चालते. २००६ मध्येच प्लास्टिकवर ट्यूबच्या इलेक्ट्रोडचा सेल २.५ टक्क्यांपर्यंत गेला होता, काचेवरच्या नेहमीच्या सेलच्या बऱ्यापैकी जवळ. अडचण इथेही आहे, एका ट्यूबवरून दुसरीवर उडी मारताना रेझिस्टन्स लागतो, जाळी दाट केली तर उजेड अडतो, विरळ केली तर करंट अडतो, मग ॲसिडने डोपिंग करतात, म्हणजे ट्यूबमधून करंट सहज जावा म्हणून तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करतात, पण तो परिणाम हळूहळू ओसरतो. संशोधनाचा पैसा आणि वेळ याच गाठीवर लागावा असं मला मनापासून वाटतं.

आणि त्याच जोडीला सुरक्षेचाही विचार हवा. लांब, ताठ, अनेक भिंतींच्या काही ट्यूब उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉससारख्या वागल्याचं २००८ मध्ये दिसलं, आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अशा ट्यूबचा एक विशिष्ट प्रकार माणसात कॅन्सर करू शकेल अशा पदार्थांत टाकला. सगळ्या ट्यूब तशा नाहीत, आणि फिल्ममध्ये बंद असलेली ट्यूब श्वासात जाण्याचा संभव कमी, पण कोरडी पूड हाताळणारा कामगार आणि जुना सेल फोडणारा माणूस, या दोघांचा विचार सेल डिझाइन करतानाच झाला पाहिजे. धन्यवाद.